बारा कुंड्या आणि निपाणीचा स्पेशालिस्ट

खानापूरहून नव्या कुंड्यांची बैलगाडी घेऊन मी कर्नलसाहेबांच्या बंगल्यावर पोचलो, तेव्हा आमचे मामा पडवीच्या पायरीवर बसून राखेनं अंगठा घासत होते. चेहरा लई खुशीत. शेजारी वेताची टोपली. टोपलीत ढीगभर कळ्या.

मी गाडीवरनं उतरलोच नाही. बसल्या जागेवरनं पडवीकडं बघितलं. माझ्या बारा कुंड्या ओळीनं उभ्या होत्या. एकीवरही फूल नव्हतं. फूल जाऊ द्या, कळीसुद्धा नव्हती.

"या पाव्हणं," मामा म्हणाले. "दोन दिवसांत सगळं साफ केलं बघा. काय माजलं होतं!"

"मामा, ह्ये काय केलंसा?"

"शेंडं खुडलं. तुम्हाला सवड न्हाय, म्हणून मीच बसलो. पाणी मातूर तुम्ही सांगितल्यावाणीच घातलं हं. ठोकून बघून."

गाडीवान हसायला लागला. मला मात्र घाम फुटला, डिसेंबरच्या थंडीत.

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात. निपाणीजवळ त्यांची तंबाखूची शेती. तंबाखूवाल्याला झाडाचं पान पाहिजे असतं, फूल नको असतं. फुलाला रस गेला की पान पातळ पडतं. म्हणून कळी दिसली की शेंडा खुडायचा. मग पानांच्या बेचक्यातनं जी फूट येते तिला पिल म्हणतात. तीसुद्धा दर आठ दिवसांनी काढायची. हे काम अंगठा आणि बोटानं करतात, आणि झाडाचा डिंक लागून अंगठा काळा चिकट होतो. फुलं आलेलं तंबाखूचं रान रस्त्यावरनं दिसलं, तर निपाणीकडची माणसं थांबून विचारतात, ह्या घरात कुणी आजारी हाय काय. मामांचा अंगठा चाळीस वर्षं हेच करत आला होता. त्यांचे डोळे बांधले असते तरी त्या अंगठ्यानं कळी हुडकून काढली असती.

पण कुंडीतल्या शोभेच्या झाडांचे शेंडे त्यांनी का खुडले? तर चूक माझी. ती आधी कबूल करतो.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या एकदोन वर्षं आधीची ही गोष्ट. बेळगावच्या कँपात, म्हणजे लष्करी वस्तीत, मी कर्नलसाहेबांच्या बंगल्यावर माळी होतो. टेंपररी. क्लबाच्या बागेतल्या हेडमाळ्याची जागा रिकामी होती आणि त्या बागेची कमिटी कर्नलसाहेबांच्या मडमच्या हातात होती. दर जानेवारीत क्लबाच्या मैदानावर फुलांचं प्रदर्शन भरायचं. सगळ्यात मानाचा गट बारा कुंड्यांचा. एका बंगल्याच्या बारा कुंड्या, सगळी हिवाळी फुलं, सगळी बियापासनं वाढवलेली.

मडमसाहेबांनी पावसाळा संपता संपता मला बोलावलं. त्यांना पॅन्झी पाहिजे होती. त्यांच्या आईच्या खिडकीत विलायतेला पॅन्झी असायची म्हणे. मी म्हणालो, आपली पडवी पश्चिमेकडं तोंड करून हाय. दुपारपासनं उन्हाचा मारा. डिसेंबरात वरनं कोरडा पूर्वेचा वारा सुटतो. कुंडीतली माती म्हणजे ओंजळभर, ती रानातल्या मातीसारखी ओल धरून ठेवत नाही. पॅन्झी आठ दिवसांत मान टाकेल. सिनेरेरिया त्याहून नाजूक, तिला सावली पाहिजे. इथं उन्हाला न भिणारं झाड लावू. पुढं पिटुनिया सहा कुंड्या, मागं उंच निकोटियाना सहा कुंड्या.

मडमसाहेब अर्धी हिंदुस्थानी अर्धी मराठी बोलायच्या. माझ्याकडं बघत म्हणाल्या, "ठीक है दत्तू. तुम चुनेगा. अच्छा हुआ तो क्लब का हेडमाली, परमनंट. खराब हुआ तो जाओ."

आता "जाओ" म्हणजे कुठं? निपाणीला. मामांना मुलगा नाही, माझी बायको हौसा एकुलती एक. त्यांनी लग्नापासनं एकच धोशा लावला होता, या की आमच्या रानात. घरजावयाला जेवण चांगलं मिळतं हो. पण दुसरी भाकरी मागितली की सगळं घर त्याच्याकडं बघतं. मला ते नको होतं. मला कुंड्या आवडत होत्या. क्लबाच्या बागेच्या कोपऱ्यावरची हेडमाळ्याची खोली मी आणि हौसानं बाहेरनं चार वेळा बघून ठेवली होती. चूल कुठं मांडायची तेसुद्धा तिचं ठरलं होतं.

म्हणून त्या बारा कुंड्यांवर मी जीव टाकला होता. बुडाच्या भोकावर खापरी पालथी घातली, म्हणजे पाणी जातं आणि माती राहते. दोन पाट्या लाल माती, एक पाटी मुरलेलं शेणखत, एक पाटी कुजलेला पाला, मूठभर वाळू. कुंड्या विटांवर ठेवल्या. पाणी सकाळी ऊन आल्यावर. संध्याकाळी कधीच नाही, थंडीत ओली माती रात्रभर गार राहिली की रोप बुडातनं सडतं. आणि पाणी घालायच्या आधी कुंडीवर बोटाच्या पेरानं ठोकायचं. टण्ण वाजली तर कोरडी, पाणी घाला. बद्द वाजली तर ओली, पुढं चला.

डिसेंबरात मामा आम्हाला न्यायचं बोलणं काढायला आले. त्यांना पडवीत नेलं. त्यांनी निकोटियानाचं पान चुरगाळून हुंगलं. "आरं, ही तर तंबाखू!"

मी सरळ "शोभेचं झाड हाय" म्हणायचं की नाही? पण सासऱ्याला बरं वाटावं म्हणून म्हणालो, "व्हय मामा. तुमच्या तंबाखूच्याच भावकीतलं. आणि ती पुढची पिटुनियासुद्धा."

खोटं नाही ते. खरंच ती झाडं एका कुळातली. पण बोलायची काही गरज होती का? दुसऱ्या दिवशी मी त्यांना ठोकून पाणी घालायला शिकवलं आणि कुंड्या आणायला खानापूरला गेलो. मागं काय झालं ते तुम्हाला कळलंच.

प्रदर्शनाला सव्वीस दिवस उरले होते.

घरी गेलो तो तणतणतच. हौसा भाकऱ्या थापत होती.

"तुझ्या आप्पांनी मुद्दाम केलं. मला निपाणीला न्यायचं म्हणून."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "आप्पांना मुद्दाम करायचं असतं तर कुंड्या उपटून उकिरड्यावर टाकल्या असत्या. अर्धं काम करून ठेवायची त्यांना सवय न्हाय."

"मग आता मडमसाहेबांना काय सांगू?"

"खरं सांगा."

"खरं सांगितलं तर उद्याच बोचकं बांधावं लागंल."

"मग माझ्यावर कशापायी वराडताय? मी खुडलं व्हय?"

तिचंही बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मडमसाहेब घोड्यावरनं फिरून आल्या. पडवीत आल्या आणि थबकल्या. हातातली छडी खाली गेली. "दत्तू! फूल किधर गया?"

मी तोंड उघडलं. समोर मामा उभे. लाल पटका, पांढऱ्या मिशा, छाती पुढं. इनामदार दिसत होते अगदी. सासरे म्हणून सांगितलं असतं तर आम्ही दोघंही फाटकाबाहेर. माझ्या तोंडातनं निघून गेलं, "मडमसाहेब, ये निपाणी का स्पेशालिस्ट है. मैंने बुलाया. अभी एक फूल गया, पीछे दस आएगा."

मडमसाहेबांनी मामांना वरपासनं खालपर्यंत बघितलं. मामांनी पटका सावरून रामराम घातला.

"दस?" मडमसाहेब म्हणाल्या.

"दस," मी म्हणालो. पिटुनिया चार बोटं उंचीची असताना शेंडा खुडतात, म्हणजे ती पसरते, एवढं मला माहीत होतं. पण कळ्यांनी भरलेलं झाड बोडकं केल्यावर ते पुन्हा कधी फुलतं हे बेळगावात कुणालाच माहीत नव्हतं. इतकं वेड कुणी कधी केलंच नव्हतं.

त्या दिवसापासनं आम्ही दोघं कुंड्यांच्या मागं लागलो. रोज प्रत्येक कुंडी पाव फेरा फिरवायची, म्हणजे सगळ्या अंगाला ऊन लागतं आणि झाड एका बाजूला झुकत नाही. वाऱ्याच्या बाजूला बांबूच्या तट्ट्या उभ्या केल्या. शेण पाण्यात भिजवून, गाळून, अगदी पातळ चहाच्या रंगाचं करून आठवड्यातनं दोनदा घातलं. मातीवर पापुद्रा आला की काडीनं हलकेच मोडला. पाचव्या-सहाव्या दिवशी बेचक्यांतनं बारीक हिरवे ठिपके दिसायला लागले. मला नाचावंसं वाटलं.

मामा म्हणाले, "पिलं फुटली. काढाय पायजेत."

"मामा! पिलांना हात लावायचा न्हाय!"

"अवो, पण पिलं हायत ती."

"त्याच पिलांवर फुलं येणार हायत."

"फुलं येणार म्हणूनच काढायची असत्यात की!"

चाळीस वर्षांची सवय ती. मामा पडवीत बसले की त्यांचा हात आपोआप कुंडीकडं जायचा. मी खाकरायचो. हात मागं. पुन्हा दोन मिनिटांनी हात पुढं. शेवटी हौसानं त्यांच्या उजव्या अंगठ्याला जाड चिंधी गुंडाळून घट्ट गाठ मारली. जेवायला बसताना सोडायची, जेवण झालं की परत बांधायची. मामा बिचारे कुंड्यांकडं पाठ करून घोड्याच्या पागेकडं तोंड करून बसायचे. "मला बघवत न्हाय," म्हणायचे. "झाडाचा नुसता बाजार झालाय."

बारा-तेरा दिवसांत पिलांच्या टोकाला कळ्या धरल्या. आणि अशातशा नाहीत. आधी पिटुनियाला पाचसहा टोकं होती, आता वीस-पंचवीस. मडमसाहेब रोज सकाळ-संध्याकाळ पडवीत. भेटेल त्याला स्पेशालिस्टबद्दल सांगायला लागल्या. मला तेव्हाच हे थांबवता आलं असतं. पण कौतुक कुणाला नको असतं हो?

प्रदर्शनाला नऊ दिवस असताना मी मुरलेलं शेणखत आणायला सांबऱ्याला गेलतो. परत आलो तर मामा घरी नाहीत. हौसा म्हणाली, जज्जसाहेबांच्या मडमनं टांगा पाठवला होता. आमच्या मडमसाहेबांनीच मोठ्या मनानं सांगितलं, घेऊन जा आमचा स्पेशालिस्ट.

ह्या जज्जसाहेबांच्या मडमला आम्ही सगळे जज्जीणबाई म्हणायचो. बारा कुंड्यांच्या गटात आमच्यासमोर तीच. तिच्या कुंड्या मी आदल्याच आठवड्यात कुंपणावरनं बघितल्या होत्या. पिटुनियाच होत्या. प्रदर्शनाला ऐन भरात येणार अशा.

"अंगठ्याला चिंधी होती काय गं?" मी विचारलं.

हौसा हळूच म्हणाली, "धुवायला टाकलीया."

मी पायातल्या वहाणाही न काढता पळत सुटलो. फाटकाशीच टांगा समोर आला. मामा आत ऐसपैस बसलेले. मांडीवर रुमालात केकचा तुकडा. उजवा अंगठा काळाकुट्ट.

"मामा," मी म्हणालो. आणि अंगठ्याकडं बोट केलं.

"लई चांगली बाई हाय. खुर्ची दिली बसायला. त्यांच्या खानसाम्याला कानडी येतंय, म्हणून बोलणं झालं. बाई म्हणाली, तिकडं केलं तसंच इथं करा. मी तसंच केलं."

"बाराच्या बारा?"

"मग? निम्म्या ठेवून यायच्या व्हय? त्यांचा माळी आडवा आला, तर बाईनंच त्याला बाजूला केलं."

"मामा, नऊ दिवसांवर प्रदर्शन आलंय!"

"कसलं प्रदर्शन?"

मी कपाळावर हात मारला. सतरा दिवस आम्ही रात्रंदिवस खपत होतो, आणि कशासाठी ते मी त्यांना सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटलं होतं, बाईला झाडं दाट पाहिजेत, म्हणून चाललंय.

आता खरं सांगायची ती वेळ होती. मी सांगितलं नाही. भ्यालो. रोज ठरवायचो, आज मडमसाहेबांच्या पुढ्यात उभं राहायचं. आणि रोज त्या हसऱ्या तोंडानं पडवीत आल्या की मी पाण्याची झारी उचलून दुसरीकडं जायचो. नऊ दिवसांत मी दोन वेळचं नीट जेवलो नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी आमच्या कुंड्या मंडपात मांडल्या, तेव्हा माणसं थांबून बघायला लागली. पिटुनिया कुंडीच्या काठावरनं चारी बाजूंनी खाली ओघळली होती. कुंडी दिसत नव्हती. मागं निकोटियानाला एका दांड्याच्या जागी सहा-सात दांडे, सगळे पांढरे. मामांनी एकदा बघितलं आणि मान फिरवली.

समोरच्या फळीवर जज्जीणबाईंच्या बारा कुंड्या. हिरव्यागार, टवटवीत, आणि फुलाच्या नावानं शून्य. बाई शेजारी ताठ उभ्या होत्या. त्यांना बहुधा शेवटच्या घटकेला काहीतरी होईल असं वाटत होतं.

परीक्षक मुंबईहून आलेले म्हातारे साहेब. ते जज्जीणबाईंच्या कुंडीवर वाकले, चष्मा वर केला, पान चिमटीत धरलं आणि विचारलं, "ही भाजी ह्या गटात कशी आली?"

मंडपात हशा पिकला. जज्जीणबाई लालबुंद. आमच्या मडमसाहेबांकडं वळून त्या जे इंग्रजी बोलल्या त्यातलं मला "स्पेशालिस्ट" आणि "तुम्ही पाठवला" एवढंच समजलं. पण अर्थ सगळ्या मंडपाला समजला. मुद्दाम माणूस पाठवून माझ्या कुंड्या मारल्या, असं म्हणत होत्या त्या. पहिल्या नंबराचा चांदीचा कप परीक्षकानं तेवढ्यातच आमच्या फळीवर आणून ठेवला होता. मडमसाहेब पांढऱ्याफटक पडल्या.

त्यांचा तो चेहरा मला बघवेना. इतके दिवस अडकलेलं सगळं मी एका दमात बोलून टाकलं. हा स्पेशालिस्ट नव्हे, माझा सासरा हाय. तंबाखू करतो. चुकून खुडलं. मी खोटं बोललो. मडमसाहेबांना काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

मडमसाहेबांनी कप उचलला, परीक्षकाच्या टेबलावर नेऊन ठेवला. "ये कप हम नहीं लेगा." मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "दत्तू, फेब्रुवारी का आखिर तक काम करो. पीछे जाओ."

झालं. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी आमच्या बारा कुंड्यांवरची सगळी फुलं कापून दवाखान्यात पाठवून दिली. मी स्वतःच्या हातानं कापली. रडलो मी कापताना, खोटं कशाला सांगू.

मला वाटलं, आता तरी मामा खूश होतील. जावई आयता हाताशी आला. पण मामांचं तोंड उतरलं होतं. जेवताना म्हणाले, "माझ्या हातानं पोरीचं घर मोडलं." हौसा म्हणाली, "आप्पा, जेवा गप." कुणीच नीट जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा जज्जसाहेबांच्या फाटकावर जाऊन उभे राहिले. माळ्यानं हाकललं. तिसऱ्या दिवशीही हाकललं. चौथ्या दिवशी जज्जीणबाई स्वतः बाहेर आल्या. खानसामा मधे उभा राहिला. मामा कानडीत म्हणाले, "बाई, मला वीस दिवस द्या. एकही फूट तोडणार न्हाय. न्हाय फुललं तर पोलिसांत द्या." बाई बघतच राहिल्या. मग हात हलवून आत गेल्या. मामांनी त्याचा अर्थ हो असा घेतला.

मग ते रोज जायचे. ठोकून पाणी, पाव फेरा, शेणाचं पाणी, सगळं मी केलं तसंच. निघताना हौसाकडनं अंगठ्याला चिंधी बांधून घ्यायचे, न सांगता.

मधेच त्यांचा चुलतभाऊ निपाणीहून सर्व्हिस मोटारीनं आला. "आण्णा, घराकडं चल. पिलं काढाय माणूस न्हाय. रानात फुलं आल्यात. संकेश्वरच्या बाजाराला जाणारी माणसं रस्त्यावर थांबून बघत्यात. लाज वाटती आम्हाला."

मामा पटका बांधत होते. पटक्याचं टोक खोचलं. मग म्हणाले, "बघू देत." आणि जज्जसाहेबांच्या बंगल्याकडं चालू लागले. मामांसारख्या माणसाला फुलं आलेलं स्वतःचं रान म्हणजे काय, हे तुम्हाला मी वर सांगितलंय. माझा सगळा राग तिथं संपला.

फेब्रुवारीच्या मध्यावर मुंबईहून कुणी मोठे साहेब क्लबात येणार असं ठरलं. पायऱ्यांवर दोन्ही बाजूंनी फुलांच्या कुंड्या पाहिजेत. कमिटीनं बंगले पालथे घातले. पण पहिल्या बहरातली झाडं आता बी धरून बुडातनं पिवळी पडली होती. ऊन चढलं होतं. आमची झाडं तर फुलं कापल्यापासनं बोडकीच होती. सगळ्या कँपात भरगच्च फुललेल्या बाराच कुंड्या होत्या. जज्जीणबाईंच्या.

पायऱ्यांवर त्या मांडल्या तेव्हा जज्जीणबाई किती मिरवल्या म्हणून सांगू. मोठ्या साहेबांनी म्हणे दोनदा थांबून विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जज्जीणबाईंनी आम्हाला क्लबाच्या बागेत बोलावलं. आमच्या मडमसाहेबही होत्या, खुर्चीत. दोघींचं बोलणं पुन्हा सुरू झालेलं दिसत होतं. जज्जीणबाई म्हणाल्या, हेडमाळी पाहिजे तर हाच म्हातारा. तंबाखूवाला असो नाहीतर कोण असो.

मी मामांना मराठीत सांगितलं. मामांनी दोन्ही हात जोडले.

"बाईंना सांगा, मला न्हाय जमायचं. चाळीस वर्षं मी फूल खुडत आलोय. ठेवायचं कसं ते ह्या दोन महिन्यांत शिकलो, तेही अंगठा बांधून. ते काम माझ्या जावयाचं. त्यांना ठेवा."

आता स्वतःची तारीफ स्वतःच्या तोंडानं हिंदुस्थानीत कशी सांगायची? मी म्हणालो, "ये बोलता है, इसको नहीं जमेगा."

मामांना हिंदुस्थानी थोडी कळत होती. त्यांनी माझ्या दंडाला धरलं. "निम्मंच सांगितलंसा. सगळं सांगा."

मान खाली घालून सगळं सांगितलं. कान तापले होते माझे. मडमसाहेबांनी आता माझ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "झूठ बोलेगा फिर?"

"नहीं, मडमसाहेब."

"ठीक है. परमनंट. लेकिन दिसंबर में ये आदमी आएगा. हर साल."

संध्याकाळी हौसानं नव्या खोलीत चूल मांडली. मामा दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं निपाणीला गेले. जाताना मला म्हणाले, "आता रानात या असं म्हणणार न्हाय. पण सुगीला भाकरी खायाला तरी या." गेलो की. दरवर्षी गेलो.

आणि दर डिसेंबरात मामा यायचे. प्रदर्शनाचा दिवस नक्की झाला की मी उलटे दिवस मोजायचो, आणि ठरल्या दिवशी सकाळी त्यांना कुंड्यांपुढं सोडायचो. तेवढा एक दिवस त्यांच्या अंगठ्याला मोकळीक. कँपातले बाकीचे माळीसुद्धा हळूहळू तसं करायला लागले.

धंद्यातली शिकवण म्हणाल तर एवढीच. कळ्या धरलेल्या पिटुनियाचा शेंडा खुडला म्हणून ती मरत नाही, सव्वीस दिवसांत चौपटीनं फुलते. माळ्याचं त्या सव्वीस दिवसांत काय होईल ते मात्र सांगता येत नाही. तेव्हा खुडायचं ते तारीख बघून खुडावं, आणि खुडणाऱ्यालाही ती तारीख सांगून ठेवावी.